भाच्याच्या कपाटात सापडलेल्या कुप्या: जिममधल्या स्टेरॉईडचा धोका नेमका किती?

गोदाकाठ
नमस्कार. माझ्या बहिणीचा मुलगा शिक्षणासाठी दोन वर्षांपासून आमच्याकडे नाशिकच्या इंदिरानगरला राहतो. त्याचे वय १९ आहे. मागच्या दिवाळीनंतर तो घराजवळच्या जिमला जाऊ लागला, तेव्हा आम्हाला आनंदच झाला, कारण त्याआधी त्याच्या हातातून मोबाइल सुटत नव्हता. सहा-सात महिन्यांत त्याचे अंग असे भरले की बहीण सटाण्याहून आली तेव्हा लेकाला पाहून हरखून गेली. मला मात्र दोन गोष्टी खटकत होत्या. त्याच्या पाठीवर आणि खांद्यांवर इतक्या मोठ्या पुटकुळ्या आल्या होत्या की धुवायला टाकलेल्या प्रत्येक बनियनवर रक्ताचे आणि पुवाचे ठिपके दिसत. शिवाय साध्या बोलण्यावरून तो भडकू लागला. भाजीत मीठ कमी पडले म्हणून त्याने एकदा भरले ताट सरकवले, आणि हा त्याचा स्वभाव नव्हे.

गेल्या रविवारी कपाट आवरताना त्याच्या शाळेतल्या जुन्या जेवणाच्या डब्यात मला तीन काचेच्या कुप्या, गुलाबी गोळ्यांची पाकिटे आणि सुयांचे पुडके सापडले. कुप्यांमध्ये तेलासारखे पिवळसर औषध आहे. दोन कुप्यांवर टेस्टोस्टेरॉन असे लिहिले आहे, एकीवर नँड्रोलोन. बहीण दर महिन्याला त्याला प्रोटीनसाठी म्हणून वेगळे पैसे पाठवते, ते डाळिंबाच्या बागेतून आलेले पैसे आहेत.

मी अजून त्याला काहीच बोललेले नाही. ही औषधे शरीरात नेमके काय करतात, ती एकदम बंद केली तर काही बिघडते का, आणि विषय कसा काढावा, हे जाणकारांनी सांगावे. मी घाबरलेली आहे, पण घाबरून चुकीचे पाऊल उचलायचे नाही.

मेनरोड
ताई, रागाच्या भरात ते सामान फेकून देऊ नका. डॉक्टरांना नेमके काय आणि किती घेतले हे कळायला त्याच कुप्या उपयोगी पडतील. नावे आणि मात्रा टिपून ठेवा, फोटो काढून ठेवा.

लोखंडवेडा
माझे मत इथल्या बहुतेकांना आवडणार नाही, तरीही प्रामाणिकपणे मांडतो. माझे वय ३१ असून पाच वर्षांपासून मी वर्षातून दोन वेळा दहा-बारा आठवड्यांची सायकल करतो, म्हणजे तेवढे आठवडे ही औषधे घेतो, मध्ये विश्रांती घेतो आणि शेवटी शरीराचे स्वतःचे संप्रेरक पुन्हा सुरू व्हावे म्हणून पीसीटीच्या गोळ्या घेतो. मला आजवर काहीही त्रास झालेला नाही. १९ वर्षांच्या मुलाने हे करू नये, याबद्दल माझे दुमत नाही. पण सज्ञान माणसाने माहिती घेऊन, मर्यादेत केलेला वापर आणि एका पोराने ट्रेनरच्या सांगण्यावरून घेतलेली इंजेक्शने यांना एकाच तराजूत तोलणे बरोबर नाही. दारू आणि गुटख्याने आपल्या जिल्ह्यात किती घरे बसली, त्याची चर्चा आपण एवढ्या तळमळीने करत नाही.

संप्रेरक
मी नाशिकमध्येच संप्रेरकांच्या विकारांवर उपचार करतो आणि असे तरुण माझ्यासमोर आता नियमितपणे बसतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट मुलाशी बोलतानाही मान्य करावी लागेल, ती म्हणजे ही औषधे काम करतात. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक आहे आणि नँड्रोलोन हे त्याच्याच जातीचे, स्नायू वाढवणारे कृत्रिम औषध. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात निरोगी पुरुषांना दहा आठवडे, दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिले गेले. ज्यांनी औषधासोबत व्यायाम केला त्यांचे चरबीविरहित वजन सुमारे ६ किलोंनी वाढले, आणि ज्यांनी व्यायाम न करता नुसते औषध घेतले त्यांचेही ३ किलोंहून अधिक वाढले. औषधाविना व्यायाम करणाऱ्यांची वाढ मात्र दोन किलोंच्या आत राहिली. त्यामुळे 'याने काही होत नाही, सगळा फसवा फुगवटा असतो' असे मुलाला सांगितले, तर आरशात रोज उलटे पाहणारा तो मुलगा तुमच्या पुढच्या एकाही वाक्यावर विश्वास ठेवणार नाही.

आता नुकसानीकडे येऊ. निरोगी पुरुषाचे शरीर दिवसाला साधारण ५ ते ७ मिलिग्रॅम, म्हणजे आठवड्याला ५० मिलिग्रॅमच्या आत टेस्टोस्टेरॉन तयार करते. जिममध्ये आठवड्याला ५०० ते १००० मिलिग्रॅम घेणारी मुले मी पाहिली आहेत, आणि बरेचदा त्याच्या जोडीला दुसरे इंजेक्शन आणि गोळ्याही असतात. रक्तात एवढा साठा दिसला की मेंदूतील पिट्युटरी ग्रंथी वृषणांना जाणारा आदेश थांबवते. मग वृषणे लहान होतात, शुक्रजंतू तयार होणे मंदावते आणि पुष्कळदा पूर्ण थांबते. जादा टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरातच इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकात बदलतो, त्यामुळे स्तनांच्या जागी गाठ धरते, जिला ही मुले 'गायनो' म्हणतात. ती गाठ जुनी झाली की गोळ्यांनी जात नाही, शस्त्रक्रिया करावी लागते.

गुलाबी गोळ्या बहुधा मेथँडिनोनच्या असाव्यात. १९५८ साली ती डायनाबोल या नावाने बाजारात आली. तोंडावाटे घेतल्यावर यकृताने लगेच नष्ट करू नये म्हणून या गोळ्यांच्या रेणूत एक बदल केलेला असतो आणि तोच बदल यकृताला महाग पडतो. कावीळ होते, यकृतात रक्ताने भरलेल्या पोकळ्या तयार होऊ शकतात, आणि दीर्घ वापरात गाठीही आढळल्या आहेत.

सर्वांत जास्त काळजी मला हृदयाची वाटते, कारण तिथले नुकसान दिसतही नाही आणि दुखतही नाही. चांगले कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल झपाट्याने घसरते, वाईट वाढते, रक्तदाब चढतो, तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होते आणि हृदयाची भिंत जाड व ताठर होते. २०१७ साली अमेरिकेतील १४० वजन उचलणाऱ्या पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील ८६ जणांनी स्टेरॉईड वापरली होती. हृदयाचा डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतो ते मोजले, तेव्हा न वापरणाऱ्यांत सरासरी ६३ आणि वापरणाऱ्यांत ५२ टक्के आले. जे त्या वेळी औषधावर होते त्यांची सरासरी ४९ होती, सोडून दिलेल्यांची ५८. म्हणजे सोडल्यावर सुधारणा होताना दिसते, पण सोडलेल्यांचा आकडाही ६३ पर्यंत पोहोचलेला नव्हता.

ताई, मुलाला रागावण्याआधी त्याचा रक्तदाब मोजून घ्या. तिथून बोलणे सुरू करणे सोपे जाईल.

तालमीतला
डॉक्टर, 'ही औषधे काम करतात' हे तुम्ही लिहिले ते फार बरे केले. पंचवटीतल्या ज्या तालमीत मी घडलो, तिथे वस्ताद पहाटे साडेचारला उठवून जोर-बैठका काढून घ्यायचे आणि खुराक म्हणजे दूध, बदाम, तूप आणि हरभरा एवढाच होता. शरीर बनायला पाच-सात वर्षे लागतात, हे तिथल्या प्रत्येक पोराला ठाऊक होते. आज मुलाला तीन महिन्यांत दंड दिसायला हवा असतो आणि तो दिसतोही, म्हणून आमच्यासारख्यांचे बोलणे त्याला जुनाट वाटते. जुन्या तालमीचे गोडवे गाण्यासाठी मी हे लिहीत नाही, कारण आता ही इंजेक्शने मातीपर्यंतही पोहोचली आहेत. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका तरण्याताठ्या पैलवानाच्या छातीच्या स्नायूचे कंडर सरावातच तुटले. आवाज असा आला की बाजूची जोडी कुस्ती सोडून उभी राहिली. स्नायू महिन्यांत वाढला होता, त्याला हाडाशी बांधणारी दोरी मात्र त्या वेगाने वाढली नव्हती, असे त्याच्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी समजावले.

द्राक्षबाग
विषयाला थोडा फाटा फोडते, पण प्रश्न गरजेचा आहे. माझ्या आईला दमा आहे. डॉक्टरांनी दिलेल्या पंपात स्टेरॉईड असल्याचे शेजारणीने सांगितल्यापासून तिने तो बंद केला आहे. हा धागा वाचून माझ्याही मनात भीती आली. ही दोन्ही एकच औषधे आहेत का?

संप्रेरक
द्राक्षबाग, अजिबात नाही, आणि कृपया आजच आईंचा पंप सुरू करा. रासायनिक सांगाडा सारखा असल्याने दोघांना स्टेरॉईड हे कुलनाम मिळाले आहे, एवढेच. दम्याच्या पंपातील औषध कॉर्टिकोस्टेरॉईड जातीचे असते. ते श्वासनलिकेची सूज उतरवते, पंपातून त्याची मात्रा अगदी अल्प असते आणि त्याने दंड फुगत नाहीत. ओढून झाल्यावर चूळ भरली की तोंडातील बुरशीचा त्रासही टळतो. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गरजेपेक्षा जास्त स्टेरॉईड आणि अनियंत्रित मधुमेह यांच्या संगतीने म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले, तेव्हापासून आपल्याकडे या शब्दाचीच धास्ती बसली. पण त्याच गटातील डेक्सामेथासोनने अत्यवस्थ रुग्णांचे प्राण वाचवले, हेही तितकेच खरे आहे. आणखी एक लक्षात ठेवावे. याच गटातील प्रेडनिसोलोनसारख्या गोळ्या बरेच आठवडे चालू असतील तर त्या स्वतःहून एकदम कधीही थांबवू नयेत.

अॅनाबॉलिक, म्हणजे स्नायू वाढवणाऱ्या, औषधांनाही वैद्यकात जागा आहे. ज्यांची वृषणे टेस्टोस्टेरॉन बनवत नाहीत त्यांना ते द्यावेच लागते, आणि काही प्रकारच्या रक्तक्षयातही या गटातील औषधे वापरली जातात. प्रश्न मात्रेचा आणि कारणाचा आहे.

सिडकोचा मेडिकलवाला
मी २२ वर्षे औषधांचे दुकान चालवतो. ही औषधे शेड्यूल एच मध्ये येतात, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत. आमच्याकडे मुले चिठ्ठी घेऊन येत नाहीत, मोबाइलच्या पडद्यावर नाव लिहून तो काउंटरवर सरकवतात आणि आजूबाजूला कोणी नाही ना, हे पाहतात. मी नाही म्हटले की 'काका, समोरचा देतो' असे म्हणून निघून जातात. आमच्याच व्यवसायातील काही जण देतात, याची मला लाज वाटते. पण आता मोठा पुरवठा दुकानांतून होतच नाही. तो ट्रेनरच्या बॅगेतून आणि कुरिअरने होतो, त्याला बिल नसते आणि कुपीत खरोखर काय आहे ते कोणालाच ठाऊक नसते. एका पालकाने मला आणून दाखवलेल्या दोन कुप्यांवर बॅच क्रमांक एकच होता आणि मुदत संपण्याच्या तारखा मात्र वेगळ्या होत्या. असले तेल निर्जंतुक असेल यावर कोणी विश्वास ठेवावा? कुल्ल्यात गळू होऊन ते फोडून घ्यावे लागलेली तीन मुले माझ्याच गल्लीत आहेत.

दुसरे असे की भरतीची तयारी करणारी काही मुले मेफेंटरमाईनचे इंजेक्शन मागतात. ते स्टेरॉईड नव्हे. भूल दिल्यावर शस्त्रक्रियेत रक्तदाब खाली गेला तर तो वर आणण्यासाठी ते दिले जाते. धडधाकट मुलाने ते घेऊन गोल्फ क्लब मैदानावर धाव ठोकली तर त्याच्या हृदयावर काय गुदरेल, याचा विचारच करवत नाही. ताई, डब्यात तसली कुपी नाही ना, हे एकदा पाहा.

गोदाकाठ
दादा, पुन्हा पाहिले. तसली कुपी नाही. सगळ्यांचे मनापासून आभार, मी प्रत्येक प्रतिसाद वाचते आहे.

चांदोरीची लेक
मी आजवर हे कोणाला सांगितलेले नाही. लग्नानंतर तीन वर्षे आम्हाला मूल होत नव्हते. माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या, त्यांतल्या दोन फार वेदनादायक होत्या, आणि सासरच्यांचे बोलणेही मीच ऐकले. शेवटी यजमानांच्या वीर्याची तपासणी झाली आणि अहवालात शुक्रजंतूंच्या पुढे शून्य लिहून आले. तरीही त्यांनी डॉक्टरांना काही सांगितले नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी त्यांच्या दंडांकडे पाहून, मला बाहेर बसवून, सरळ विचारले तेव्हा कबुली निघाली की लग्नाच्या आधीपासून ते इंजेक्शने घेत होते. ती थांबवल्यावर उपचार सुरू झाले. पहिल्या सहा महिन्यांत काहीच फरक पडला नाही, चौदाव्या महिन्यात संख्या वाढलेली दिसली. आमची मुलगी आता दोन वर्षांची आहे. आमचे नशीब चांगले म्हणून पदरात पडले, सगळ्यांचे परत येतेच असे नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितले होते. औषध घेतल्याचा राग माझ्या मनातून गेला. तीन वर्षे मला तपासणीच्या टेबलावर झोपू दिले आणि स्वतः गप्प बसले, तो राग अजून गेलेला नाही.

लोखंडवेडा
चांदोरीची लेक, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटले. सायकल करणाऱ्याने बायकोपासून लपवणे हा दगा आहे, यात शंका नाही. पण मूळ मुद्द्यावर डॉक्टरांना विचारतो. त्या १४० जणांतले वापरणारे आणखीही काही घेत असतील, त्यांचे खाणेपिणे वेगळे असेल. मग सगळे खापर स्टेरॉईडवरच कसे फोडता येते? आणि मी वर्षाला यकृताची तपासणी करतो, ती नेहमी ठीक येते.

संप्रेरक
लोखंडवेडा, शंका योग्य आहे. माणसांना मुद्दाम वर्षानुवर्षे ही औषधे देऊन प्रयोग करणे अनैतिक ठरेल, म्हणून अशा अभ्यासांत ही त्रुटी राहणारच. पण पुरावा एकाच ठिकाणाहून आलेला नाही. डेन्मार्कमध्ये व्यायामशाळांमधून चाचणी होते. तिथे २००६ पासून दोषी सापडलेल्या ५४५ पुरुषांची तुलना त्याच वयाच्या इतर पुरुषांशी केली, तेव्हा त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण तिपटीने जास्त आढळले. त्यातही जीवनशैलीचा वाटा असेल. पण हृदयाची भिंत, एचडीएल आणि रक्ताचा दाटपणा हे तिन्ही बदल औषधाच्या दिशेनेच बोट दाखवतात.

यकृताची तपासणी ठीक येते म्हणजे हृदय ठीक आहे असे नव्हे. मुळात यकृताच्या तपासणीतला एसजीपीटी हा आकडा जड व्यायामानेही वाढतो, आणि मूत्रपिंडाच्या तपासणीतले क्रिएटिनिन पिळदार शरीरात एरवीही थोडे जास्त असते, त्यामुळे या दोन आकड्यांवरून निष्कर्ष काढणे दोन्ही बाजूंनी फसवे ठरते. तुम्हाला 'काही त्रास झालेला नाही' असे तुम्ही लिहिलेत. तुम्ही हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे टक्के), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी) आणि टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) कधी केला आहे का? मी तुम्हाला खोटे पाडायला विचारत नाही. पाच वर्षे म्हणजे मोठा काळ आहे, म्हणून काळजीने विचारतो आहे.

कळसूबाई
पुरुषांबद्दल बरेच लिहिले गेले, म्हणून मी माझे लिहिते. मी विद्यापीठ पातळीवर शक्तिक्रीडेत उतरत असे. स्पर्धेच्या आधी प्रशिक्षकांनी ताकदीचे जीवनसत्त्व म्हणून पांढऱ्या बारीक गोळ्या दिल्या आणि मी कसलाही प्रश्न न विचारता त्या दहा आठवडे घेतल्या. पाळी बंद झाली, तेव्हा ती सरावामुळे बंद झाली असावी असे वाटले. हनुवटीवर राठ केस आले. मग आवाज बसला. सर्दी असेल म्हणून मी हळद-दूध घेत राहिले. तो आवाज परत आला नाही. गोळ्या बंद केल्यावर पाळी आली, केस कमी झाले, आवाज मात्र आज अकरा वर्षांनंतरही तसाच जाड आहे. गॅस नोंदवायला फोन केला की पलीकडून 'बोला दादा' असे ऐकू येते आणि मी दर वेळी दुरुस्त करत नाही. स्वरयंत्रातला बदल कायमचा असतो, हे मला गोळी हातात देताना कोणीतरी सांगायला हवे होते.

दिंडोरीकर
कळसूबाई, तुम्ही हे लिहिलेत त्याबद्दल तुमचे ऋण मानतो. न सांगता गोळ्या देण्याचा हा प्रकार जगाने फार मोठ्या प्रमाणावर पाहिलेला आहे. पूर्व जर्मनीत १९७० च्या दशकापासून सरकारी योजना म्हणून हजारो खेळाडूंना ओरल-ट्युरिनाबोल नावाच्या स्टेरॉईडच्या गोळ्या दिल्या गेल्या. त्यात शाळकरी वयाच्या मुली होत्या आणि त्यांना ती जीवनसत्त्वे म्हणूनच दिली जात. बर्लिनची भिंत पडल्यावर कागदपत्रे बाहेर आली, खटले चालले, तोपर्यंत अनेकींचे आरोग्य कायमचे बिघडले होते. १९८८ साली सोल ऑलिंपिकमध्ये कॅनडाचा बेन जॉन्सन १०० मीटर ९.७९ सेकंदांत धावला आणि स्टॅनोझोलोल हे स्टेरॉईड सापडल्याने त्याचे सुवर्णपदक काढून घेतले गेले, ते तर सर्वांना आठवत असेल.

आपल्याकडे २०११ मध्ये आपल्या सुवर्णविजेत्या रिले संघातील धावपटू मेथँडिनोनसाठी दोषी आढळल्या. परदेशी प्रशिक्षकांनी दिलेल्या जिनसेंगमधून ते आले असे त्यांचे म्हणणे होते, तरी बंदी भोगावीच लागली. शरीरात सापडलेल्या पदार्थाची जबाबदारी खेळाडूचीच, असा नियम आहे. २०२२ साली आपल्याकडे यासाठी स्वतंत्र कायदाही झाला. नँड्रोलोनचे अंश तर काही महिन्यांनंतर, कधी वर्ष उलटल्यावरही लघवीत सापडतात. म्हणून ताईंच्या भाच्याला पुढे कोणत्याही खेळात उतरायचे असेल तर हेही त्याला सांगा. आपल्याकडे जिममध्ये खेळाडूंसारखी चाचणी होत नाही, त्यामुळे तिथल्या मुलाला अडवणारे घरचे माणूसच असते.

गोदाकाठ
काल रात्री बोलले. डॉक्टरांनी सुचवल्याप्रमाणे माझा रक्तदाब मोजायचा म्हणून यंत्र काढले आणि त्याचाही दंड पुढे करायला सांगितला. पट्टा त्याच्या दंडाला पुरेना, म्हणून शेजारच्या काकांकडचा मोठा पट्टा आणला. १४८ आणि ९४ आले. दहा मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजला, तरी १४६ आणि ९२. तो यंत्राकडे बघत राहिला. मग मी तो जुना डबा त्याच्यासमोर ठेवला. आधी चिडला, माझ्या कपाटाला हात का लावला म्हणाला. मी म्हटले, 'हे काम करते, हे मला माहीत आहे. तुझे अंग चांगले दिसते, तेही खरे. पण आत काय चालले आहे ते आपण दोघे मिळून बघू.' त्यावर तो बराच वेळ गप्प होता. नंतर त्याने विचारले, 'मावशी, आईला सांगशील?' छातीच्या डाव्या बाजूला दुखरी गाठ लागते म्हणून तो महिनाभर एकटाच घाबरलेला होता. ट्रेनरला विचारले तर त्याने आणखी एक गोळी घ्यायला सांगितली होती.

आता तो बंद करायला तयार आहे. पण एकदम बंद केले तर चालेल का, हा माझा पहिलाच प्रश्न उरला आहे.

संप्रेरक
ताई, तुम्ही फार चांगले हाताळलेत. ही औषधे आजच बंद करता येतात, प्रेडनिसोलोनसारखी हळूहळू उतरवावी लागत नाहीत. तेलातील इंजेक्शन तसेही काही आठवडे शरीरातून सावकाश उतरत राहते. मात्र बाहेरचा साठा संपतो आणि स्वतःचे टेस्टोस्टेरॉन अजून जागे झालेले नसते, तो मधला काळ कठीण असतो. थकवा येतो, झोप बिघडते, कमावलेले अंग डोळ्यांदेखत उतरते आणि मन खचते. याच काळात बहुतेक मुले पुन्हा सुईकडे वळतात, आणि काहींना आलेले नैराश्य इतके गडद असते की जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात. त्याला एकटे पडू देऊ नका, त्याच्या मित्रांना घरी येऊ द्या. मन फारच उदास दिसले तर १४४१६ या सरकारच्या टेलिमानस क्रमांकावर कधीही मराठीत बोलता येते, आणि मनोविकारतज्ज्ञांकडे नेण्यात कमीपणा मानू नका. 'पीसीटी'च्या गोळ्या ट्रेनरच्या सांगण्यावरून घेऊ देऊ नका. गरज असेल तर रक्ततपासणी पाहून डॉक्टरच त्या देतील. व्यायाम मात्र तोडू नका, वजन कमी करून चालू ठेवा. तो तुटला तर त्याच्याकडे काहीच उरणार नाही.

तालमीतला
ताई, त्याला पहाटे माझ्याकडे पाठवा. इंजेक्शनाविषयी मी एक शब्दही काढणार नाही. शंभर बैठका आणि लाल मातीत अर्धा तास, एवढेच.

लोखंडवेडा
मी परवा तपासण्या करून घेतल्या. टू-डी इकोत हृदयाची भिंत थोडी जाड आहे, पंपाचे काम ५५ टक्के आहे. हिमॅटोक्रिट ५६ आले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला की घरी कोणाला पक्षाघात झाला होता का. वडिलांना झाला होता, ५२ व्या वर्षी. हे मी या विषयाशी कधी जोडलेच नव्हते. सज्ञान माणसाला निवड करता यावी, हे माझे मत आजही कायम आहे, पण मी केलेली निवड अर्ध्या माहितीवर होती. चालू सायकल थांबवली आहे. पुढचे अजून ठरवलेले नाही.

संप्रेरक
थांबवलीत हे योग्य केलेत. टेस्टोस्टेरॉनच्या रीतसर उपचारातही हिमॅटोक्रिट ५४ च्या वर गेले की आम्ही औषध थांबवतो. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. तोवर डोकेदुखी, एका बाजूला बधिरपणा किंवा छातीत दुखणे जाणवले तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.

द्राक्षबाग
आईने पंप पुन्हा सुरू केला आहे. चूळ भरण्याचे मी रोज आठवण करून देते.

गोदाकाठ
तीन आठवड्यांनी लिहिते आहे. तपासण्या झाल्या. इको चांगला आला, तेव्हा मी रुग्णालयाच्या बाकावर बसून रडले. एचडीएल फक्त १९ आहे, यकृताचे आकडे वाढलेले आहेत आणि पिट्युटरीचे वृषणांना आदेश देणारे दोन्ही संप्रेरक जवळजवळ शून्य आहेत. गाठ अजून लहान आहे, औषध सुरू झाले आहे. बहिणीला त्याने स्वतः फोन करून सांगितले, मी फक्त शेजारी बसले होते. ती दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आली.

मागच्या आठवड्यात दोन दिवस तो अंथरुणातून उठलाच नाही. आरशावर त्याने टॉवेल टाकून ठेवला आहे, तो मी काढलेला नाही. पंचवटीला मात्र तो तिसऱ्या दिवसापासून जातो आहे. दादा, तुम्ही शब्द पाळलात, त्याने मला सांगितले.

एक विचारायचे राहिले. त्या कुप्या आणि वापरलेल्या सुया अजून माझ्याकडेच आहेत. घंटागाडीत टाकाव्यात का?

सिडकोचा मेडिकलवाला
घंटागाडीत नको ताई, कचरा वेचणाऱ्याच्या हाताला सुई लागेल, आणि भरल्या कुप्या कोणाच्या तरी हाती पडतील. सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत टाकून झाकण चिकटपट्टीने बंद करा. कुप्या वेगळ्या पिशवीत ठेवा. सगळे घेऊन दुकानावर या. आमच्या समोरच्या रुग्णालयाचा जैविक कचरा उचलणारी गाडी येते, त्यांच्याशी मी बोलून ठेवतो. भाच्यालाही सोबत आणा, बरणी त्यालाच धरू दे.